वर्ड आणि एक्सेल मजकूर परस्पर बदलतात. नेमके काय बंद करावे?

हिशेबनीस (अक्कलकोट रोड) यांचा प्रश्न

नमस्कार. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल-चादरीच्या कारखान्यात मी हिशेब आणि निर्यातीची कागदपत्रे पाहतो. कार्यालयातील सर्व संगणकांवर मायक्रोसॉफ्ट ऑफिस आहे, आणि आपण टंकलेले काहीही जसेच्या तसे राहू द्यायचे नाही असा त्याने चंगच बांधला असावा, अशी शंका यावी इतके बदल ते परस्पर करत असते. खालील आकडे मी देवनागरीत लिहीत असलो तरी आमच्या फायलींत ते इंग्रजीतच असतात, एवढे कृपया ध्यानात घ्यावे.

वर्डमध्ये टॉवेलचे माप इंचाच्या खुणेसह लिहिले की ती सरळ खूण वाकडी होऊन अवतरणचिन्ह बनते, आणि तोच मजकूर परदेशी खरेदीदाराच्या पोर्टलवर चिकटवला की त्या जागी प्रश्नचिन्ह उमटते. ओळीच्या सुरुवातीला आकडा आणि टिंब दिले की पुढचा सगळा मजकूर आपोआप क्रमांकांच्या यादीत शिरतो व समासापासून आत सरकतो. सहीच्या वर तीन आडव्या रेघा देऊन एंटर दाबले की पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेष उमटते, जी पुढे काही केल्या पुसता येत नाही. सर्वांवर कडी म्हणजे ‘सोलापूर चादर’ असे इंग्रजीत लिहिलेल्या एका मसुद्यात चादरीचे ‘चेडर’ झाले होते. चादर आणि टॉवेल या दोन्हींना सोलापूरच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळालेले असताना निर्यातीच्या कागदावर चीजचे नाव गेले असते, तर त्याची शोभा वेगळी सांगायला नको.

एक्सेलचा त्रास मात्र याहून गंभीर आहे. सुताच्या खरेदीच्या शीटमध्ये दोनपदरी वीस काउंटचे सूत (काउंट म्हणजे सुताच्या जाडी-बारीकपणाचा क्रमांक) आम्ही २/२० असे लिहितो, तर एंटर दाबताच तिथे फेब्रुवारी महिना येतो. २/१० लिहिले तर २ ऑक्टोबर होतो. अशी एक शीट न तपासता गेली असती तर सूतगिरणीकडे आम्ही फेब्रुवारी काउंटचे सूत मागितले असते. वर्डच्या ऑटोकरेक्टच्या खिडकीत टिकच्या जेवढ्या खुणा दिसल्या तेवढ्या सगळ्या मी काढून पाहिल्या. त्यामुळे वर्ड बरेचसे गप्प झाले, परंतु एक्सेलवर त्याचा काडीचाही परिणाम झाला नाही. शिवाय घाईत टंकताना होणाऱ्या इंग्रजी चुका पूर्वी आपोआप दुरुस्त होत असत, त्या आता तशाच राहतात म्हणून मालक नाराज आहेत, ते वेगळेच. उपयोगाचे तेवढे ठेवून उपद्रवाचे तेवढे काढता येते का, आणि एक्सेलला नेमके कुठे आवरावे, हे जाणकारांनी सांगावे ही विनंती.


मुक्त सॉफ्टवेअर (विजापूर रोड) यांचे उत्तर

आपण लिबरऑफिस हे मायक्रोसॉफ्ट ऑफिससारखेच सॉफ्टवेअर वापरून पाहावे, असे मी सुचवीन. ते मोफत आहे एवढ्यासाठीच हे सुचवतो आहे असे नाही, तर तारखांच्या बाबतीत त्यात एक सोय आहे जी एक्सेलमध्ये मला सापडलेली नाही. टूल्समधील ऑप्शन्समध्ये भाषेच्या पानावर ‘डेट ॲक्सेप्टन्स पॅटर्न्स’ नावाची एक चौकट असते, आणि कोणत्या ठेवणीचा मजकूर तारीख समजायचा हे तिथे आपल्याला ठरवता येते. त्यातील दिवस आणि महिना एवढाच नमुना पुसून दिवस, महिना व वर्ष असा तीन भागांचा नमुना तेवढा ठेवला, की मधोमध तिरकी रेघ असलेले दोन आकडे तारीख मानले जात नाहीत.

तरीही लिबरऑफिसमध्ये हा जाच अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. त्याच्या रायटरमध्येही, म्हणजे वर्डच्या जागी असलेल्या प्रोग्रॅममध्येही, ऑटोकरेक्ट आहेच. शिवाय लांब शब्द अर्धा टंकला की उरलेला भाग तो स्वतःहून पुढे करतो आणि एंटर दाबताच तो शब्द पुरा होतो, हे अनेकांना नकोसे वाटते. ऑटोकरेक्ट ऑप्शन्समधील ‘वर्ड कम्प्लीशन’ या पानावर ते बंद होते. टंकताना होणारे इतर बदल थांबवण्यासाठी टूल्स, ऑटोकरेक्ट आणि त्याखालील ‘व्हाइल टायपिंग’ ही खूण काढावी.


कर सल्लागार (सात रस्ता) यांचे उत्तर

सॉफ्टवेअर बदलण्याचा सल्ला चुकीचा नाही. पण ज्यांचे खरेदीदार, बँक आणि सीमाशुल्काचे दलाल हे सगळेच एक्सेलच्या फायली मागतात, त्यांना तो पचनी पडणे कठीण आहे. म्हणून आहे त्याच सॉफ्टवेअरमध्ये काय करता येईल ते सांगतो.

‘ऑटोकरेक्ट’ या एकाच नावाखाली आपण ज्यांची तक्रार करत आहात, ती प्रत्यक्षात निरनिराळी यंत्रणा आहे आणि तिच्या किल्ल्याही निरनिराळ्या जागी ठेवलेल्या आहेत. चुकीचा शब्द काढून बरोबर शब्द ठेवणारी एक यादी असते, ती खरी ऑटोकरेक्ट. खुणा वाकड्या करणे, क्रमांक घालणे, रेषा ओढणे हे काम ‘ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप’ करते. ती त्याच खिडकीत असली तरी तिचे पान वेगळे आहे. एक्सेलमध्ये २/२० चा फेब्रुवारी होणे याचा मात्र या दोहोंशी काहीही संबंध नाही. तिथे कोणी शब्द दुरुस्त करत नसते. आपण टंकलेला मजकूर साधा मजकूर आहे, आकडा आहे की तारीख आहे याचा एक्सेल अंदाज बांधते आणि त्या अंदाजानुसार तो साठवते. त्यामुळे ऑटोकरेक्टच्या खिडकीत कितीही खुणा काढल्या तरी एक्सेलचे हे वागणे बदलत नाही, आणि आपल्याला आलेला अनुभव त्यामुळेच आलेला आहे.

हा अंदाज बांधण्याची रीत समजली की उपायही सापडतो. आपल्या संगणकावर भारतीय पद्धतीची तारीख असेल तर एक्सेल पहिला आकडा दिवस आणि दुसरा महिना धरून पाहते. २/१० मध्ये ते जमते, म्हणून चालू वर्षातील २ ऑक्टोबर तयार होतो. २/२० मध्ये विसावा महिना नसल्याने ते मागे येते आणि पहिला आकडा महिना व दुसरा वर्ष धरते, म्हणून तिथे फेब्रुवारी २०२० दिसतो. म्हणजे एकाच रकान्यातील दोन नोंदी दोन वेगवेगळ्या वाटांनी तारखा झालेल्या असतात. हे ध्यानात ठेवावे, कारण बिघडलेली शीट सुधारायची वेळ आली की नेमके इथेच पाऊल घसरते.

उपाय असा, की मजकूर भरण्याच्या आधी तो संपूर्ण रकाना निवडावा, कंट्रोल आणि १ ही बटणे एकत्र दाबावीत आणि ‘नंबर’ या पानावर ‘टेक्स्ट’ निवडावे. आधी, हे मी मुद्दाम म्हणतो आहे. तारीख एकदा होऊन गेल्यावर टेक्स्ट निवडले तर २/२० परत येत नाही. त्या जागी ४३८६२ असा परका आकडा दिसतो, कारण एक्सेल प्रत्येक तारीख ही दिवसांची अखंड मोजणी म्हणून साठवते आणि १ फेब्रुवारी २०२० चा त्या मोजणीतील क्रमांक ४३८६२ आहे. एखाद्याच नोंदीपुरता प्रश्न असेल तर सुरुवातीला एकेरी अवतरणचिन्ह टंकावे. ते घरात दिसत नाही, छापलेही जात नाही, पण पुढचा मजकूर जसाच्या तसा राहतो.

कोणते रकाने टेक्स्ट करावेत याचीही एक कसोटी आहे. सुताचा काउंट, डिझाइनचा कोड, बँकेचा खाते क्रमांक, दूरध्वनी क्रमांक यांची बेरीज कोणी करत नाही. ते आकड्यांत लिहिलेले असले तरी व्यवहारात नावेच आहेत, आणि ते टेक्स्टच असावेत. डझन, किलो आणि रक्कम यांना मात्र हात लावू नये, कारण टेक्स्ट म्हणून साठवलेले आकडे बेरीज करणारे सम फंक्शन मोजतच नाही आणि खालची बेरीज मुकाट्याने कमी येते. टेक्स्ट केलेल्या आकड्यांच्या घरांच्या कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोण दिसू लागतो. त्याला घाबरून ‘कन्व्हर्ट टू नंबर’ दाबू नये. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या फायलींत हेच झालेले असते.

खाते क्रमांकाचे विशेष सांगायला हवे, कारण तिथे पैसे दुसरीकडे जाण्याची भीती असते. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच जपते. सोळा अंकी खाते क्रमांक साध्या घरात टंकला तर सोळावा अंक शून्य होतो, आणि बारा किंवा त्याहून अधिक अंकांची संख्या साध्या घरात ई अक्षर असलेल्या वैज्ञानिक लेखनात दिसत असल्यामुळे तो बदल चटकन लक्षातही येत नाही. आपल्याकडे डिझाइनला २४ई३ असे कोड देत असाल तर त्यांचाही एक्सेल गुणाकार करते आणि त्या घरात चोवीस हजार साठवते.

ही डोकेदुखी एकट्या सोलापूरची नाही. जनुकांची नावे लिहिणारे संशोधक अनेक वर्षे याच कारणाने हैराण होते. त्यांच्या ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ यांसारख्या नावांच्या तारखा होत असत. अखेर २०२० मध्ये मानवी जनुकांच्या नामकरण समितीने त्या जनुकांचीच नावे ‘मार्चएफ१’, ‘सेप्टिन१’ अशी बदलली. सॉफ्टवेअर बदलेना म्हणून शास्त्राने आपली नावे बदलावीत, हा प्रकार मला अजूनही अजब वाटतो. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये यावर बंद करण्याची सोय दिली. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या एक्सेलमध्ये फाइल, ऑप्शन्स, डेटा असे गेल्यास ‘ऑटोमॅटिक डेटा कन्व्हर्जन’ हा विभाग दिसतो. सुरुवातीची शून्ये काढणे, लांब संख्या पंधरा अंकांवर छाटणे, ई अक्षराभोवतीच्या अंकांचा गुणाकार करणे, आणि जोडून लिहिलेल्या अक्षर-अंकांची तारीख करणे, या चारही गोष्टी तिथे बंद करता येतात. पण आपल्या कामाची मेख अशी, की यातील तारखेची सोय ‘जेएएन१’ अशा जोडून लिहिलेल्या मजकुरापुरती आहे. मध्ये तिरकी रेघ वा आडवी रेघ आली की एक्सेल पुन्हा तारीख करू शकते. म्हणून २/२० साठी रकाना आधी टेक्स्ट करणे हाच भरवशाचा मार्ग आहे.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो, कारण तिचा आपण उल्लेख केलेला नाही आणि ती सर्वांत गुपचूप घडते. रकान्यात वर कुठे ‘मरून चेक’ असे लिहिलेले असेल आणि खाली आपण नुसते ‘मरून’ टंकून एंटर दाबले, तर एक्सेल ते स्वतःच ‘मरून चेक’ असे पुरे करते. साधा मरून टॉवेल मागितलेला असताना चौकटीचा विणला जाईपर्यंत कोणाला पत्ता लागणार नाही. हजेरीच्या शीटमध्ये ‘लक्ष्मी’ची ‘लक्ष्मीबाई’ होते ती यामुळेच. फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड येथे ‘एनेबल ऑटोकम्प्लीट फॉर सेल व्हॅल्यूज’ ही खूण काढावी. ऑर्डर आणि पगार यांच्या फायली हाताळणाऱ्या संगणकावर ही खूण ठेवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.


जुळारी (नवी पेठ) यांचे उत्तर

एक्सेलविषयी वर सविस्तर आलेच आहे. माझे काम अक्षरजुळणीचे असल्याने दिवसभर वर्डशीच गाठ असते, म्हणून त्यापुरते लिहितो.

हिशेबनीस साहेब, आपण सगळ्या खुणा काढल्यात ते अति झाले. मालकांची तक्रार रास्त आहे. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स अशी खिडकी उघडल्यावर ‘ऑटोकरेक्ट’ या पानावरील ‘रिप्लेस टेक्स्ट ॲज यू टाइप’ ही खूण पुन्हा लावावी, कारण ‘टीईएच’ चे ‘टीएचई’ करणारी यादी तीच आहे आणि ती सहसा कोणाचे नुकसान करत नाही. तिच्या खाली एक स्वतंत्र खूण असते, जिच्यामुळे शुद्धलेखन तपासनीस सुचवील तो शब्द वर्ड न विचारता घालते. यादीत नसलेला शब्द वर्ड परस्पर बदलते ते याच खुणेच्या आधारे, त्यामुळे आपल्या चादरीचे चेडर इथेच झाले असण्याचा संभव फार आहे. ही खूण काढून टाकावी. त्याशिवाय ‘चादर’, ‘सोलापूर’, आपल्या पेढीचे नाव, पार्ट्यांची नावे, आणि आपल्या गावात मराठीइतकीच असलेली तेलुगू व कन्नड आडनावे यांच्यावर उजवे बटण दाबून ‘ॲड टू डिक्शनरी’ करावे. म्हणजे लाल नागमोडी रेघाही जातील.

इंचाची खूण, क्रमांकांची यादी आणि तीन रेघांची रेष हे तिन्ही त्रास ‘ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप’ या पानावर आहेत. तेथील सरळ अवतरणांची वाकडी अवतरणे करणारी, आपोआप क्रमांक घालणारी आणि ‘बॉर्डर लाइन्स’ अशा तीन खुणा काढाव्यात. अपूर्णांकांची खूणही तिथेच आहे. आधीच्या फायलींत वाकड्या झालेल्या खुणा सरळ करायच्या असल्यास, वरची खूण काढल्यानंतर कंट्रोल आणि एच दाबून शोधायच्या व बदलायच्या अशा दोन्ही चौकटींत तीच सरळ खूण टंकावी आणि सर्व बदलण्याचा आदेश द्यावा. सगळ्या खुणा एका झटक्यात सरळ होतात. पुसली न जाणारी रेष म्हणजे मजकूर नसून वरच्या परिच्छेदाची किनार असते, म्हणून ती डिलीट बटणाला दाद देत नाही. रेषेच्या लगेच वरच्या ओळीत कर्सर ठेवून होम पट्टीवरील बॉर्डर्समध्ये ‘नो बॉर्डर’ निवडले की ती जाते.

एखादा बदल एकदाच नको असेल तर तो होताक्षणी कंट्रोल आणि झेड दाबावे. आपण टंकलेले अक्षर जात नाही, केवळ वर्डने केलेला बदल मागे जातो. बदललेल्या शब्दावर माउस नेला तर खाली बारीक निळी पट्टी दिसते, आणि तिच्यावर टिचकी मारल्यास हा बदल यापुढे कधीच करू नये असेही तिथल्या तिथे सांगता येते. माझ्या मते खिडक्या उघडत बसण्यापेक्षा हीच सवय लावावी.

आता मराठी जुळणीविषयी, कारण इथे वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या कार्यालयांत अजून कृतिदेव वापरला जात असणार. युनिकोड मराठीत लहान-मोठी अक्षरे नसल्यामुळे ऑटोकरेक्टचा उपद्रव नगण्य असतो. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये मात्र आपल्या डोळ्यांना मराठी दिसत असले तरी वर्डच्या लेखी ती इंग्रजी अक्षरेच असतात, आणि ते त्यांना इंग्रजीचे नियम लावते. परिच्छेदाचे पहिले अक्षर मोठे करण्याचा नियम घ्या. कृतिदेवात लहान ‘ई’ कळीवर म आहे आणि मोठ्या ‘ई’वर अर्धा म. ‘माननीय’ या शब्दाने पत्र सुरू केले की वर्ड पहिला म अर्धा करते, पुढचा काना त्याची दांडी बनतो आणि कागदावर ‘मननीय’ उतरते. ‘प्रति’ लिहिले तर प ची दांडी नाहीशी होते. अवतरणे वाकडी करणारी खूण चालू असेल तर याहून वाईट होते, कारण एकेरी अवतरणाच्या कळीवर श चा अर्धा भाग बसवलेला आहे. ती खूण वाकडी झाली की ‘शहर’ मधील श च्या जागी अवतरणचिन्ह आणि एक सुटा काना उरतो. लग्नपत्रिकेत ‘शुभविवाह’ असा फुटलेला पाहण्याचे दुर्भाग्य कोणावरही येऊ नये.

अशा जुळणीसाठी मात्र ऑटोकरेक्ट व ऑटोफॉरमॅट संपूर्ण बंद हवे, आणि इंग्रजी पत्रांसाठी चालू हवे. एकाच संगणकावर दोन्ही कामे होत असतील तर विंडोजमध्ये दोन स्वतंत्र खाती करावीत, कारण या सगळ्या खुणा प्रत्येक खात्यापुरत्या साठवल्या जातात. आपल्या मालकांचेही वेगळे खाते करून दिलेत तर त्यांच्या सोयीची यादी त्यांच्यापाशी राहील.


आवक-जावक (होटगी रोड) यांचे उत्तर

एका शासकीय कार्यालयातील अनुभव जोडतो. माहिती अधिकाराच्या उत्तरांत कलम ८(१)(ई) इंग्रजीत लिहावे लागते, आणि कंसातील ‘ई’ चे वर्ड युरोचे चिन्ह करते. कंसातील ‘सी’ चे स्वामित्वहक्काचे चिन्ह करते, ‘आर’ चेही तसेच काही. अर्जदाराला युरोचा आधार घेऊन माहिती नाकारणे बरे दिसत नाही. वर जुळारींनी यादी चालू ठेवण्यास सांगितले आहे ते योग्यच, परंतु त्या यादीतून या नोंदी निवडून डिलीट कराव्यात. ही यादी ऑफिसच्या इतर प्रोग्रॅमनाही सामाईक असल्याने एकदा काढलेली नोंद एक्सेलमध्येही निघते.

इथे एक खोच आहे. यादी प्रत्येक भाषेची वेगळी असते, आणि अमेरिकी इंग्रजी व भारतीय इंग्रजी या वर्डच्या दृष्टीने दोन भाषा आहेत. नोंद काढूनही बदल होतच असेल तर तो परिच्छेद दुसऱ्या इंग्रजीत आहे असे समजावे. खालच्या पट्टीवर भाषेचे नाव दिसते. त्या भाषेच्या मजकुरात कर्सर ठेवून मगच ऑटोकरेक्टची खिडकी उघडावी, म्हणजे खिडकीच्या शीर्षकात त्याच भाषेचे नाव येते आणि तीच यादी हाती लागते.


डाळिंब निर्यात (सांगोला) यांचे उत्तर

वरील चर्चा आमच्याही कामाची आहे. डाळिंबाचा एचएसएन क्रमांक (मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक) ०८१०९०१० आहे, आणि एक्सेल सुरुवातीचे शून्य खाऊन तो सात अंकी करते. पोर्टल तो स्वीकारत नाही आणि दोष कुठे आहे तेही सांगत नाही. सोलापूरचा दूरध्वनी संकेतांक ०२१७ लिहिला तरी तीच गत.

रकाना टेक्स्ट करण्याचा उपाय आम्ही करतो, पण त्याची एक मर्यादा सांगावीशी वाटते. फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) म्हणून जतन केली की टेक्स्टची ती ओळख फाइलमध्ये राहतच नाही. पोर्टलवर चढवण्यापुरती ती फाइल बरोबर असते, परंतु कोणी ती पुन्हा दोनदा टिचकी मारून एक्सेलमध्ये उघडली आणि जतन केली, की शून्ये गेलीच. सीएसव्ही पाहायची असेल तर ती थेट न उघडता डेटा पट्टीवरील ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ मधून आणावी आणि प्रकार ओळखू नये असे तिथे निवडावे. नुसतीच नजर टाकायची असेल तर नोटपॅड पुरेसे आहे.


हिशेबनीस (अक्कलकोट रोड)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मालकांचे खाते वेगळे केले आहे, वर्डमधील खुणा जुळारींनी सांगितल्याप्रमाणे लावल्या आहेत, आणि नव्या शीटमध्ये काउंटचा रकाना आधीच टेक्स्ट करून ठेवला आहे. प्रश्न जुन्या शीटचा उरला आहे. त्यांत काउंटच्या जागी शेकडो तारखा पडून आहेत. सल्लागार साहेबांनी दोन वाटांचा उल्लेख केला होता, त्या वाटांनी मागे जाता येते का? एका सूत दलालाकडून आलेल्या फाइलमध्ये तर २/२० च्या जागी २० फेब्रुवारी दिसते, आमच्यासारखे फेब्रुवारी २०२० नाही.


कर सल्लागार (सात रस्ता)

मागे जाता येते, मात्र प्रत्येक नोंद कोणत्या वाटेने आली हे ओळखावे लागते. दलालांची फाइल आधी घेऊ. त्यांच्या संगणकावर अमेरिकी पद्धतीची तारीख असणार, म्हणजे महिना आधी आणि दिवस नंतर. म्हणून तिथे २/२० ची सरळ २० फेब्रुवारी झाली आहे. त्या फाइलमध्ये शेजारच्या रिकाम्या रकान्यात मंथ फंक्शन (तारखेतून महिना काढणारे), त्यानंतर जोडणीचे ‘अँड’ चिन्ह, दुहेरी अवतरणांत तिरकी रेघ, पुन्हा ‘अँड’ चिन्ह आणि डे फंक्शन (दिवस काढणारे) असे सूत्र द्यावे. तिथेही ४० सारखा काउंट असेल तर तो दिवस होऊ शकत नसल्याने वर्षाच्या वाटेने गेलेला असतो, एवढे पाहून घ्यावे.

आपल्या स्वतःच्या शीटमध्ये दोन गट पडतील. २/२०, २/४० यांसारख्या ज्या नोंदींत दुसरा आकडा बारापेक्षा मोठा होता, त्या सर्व महिन्याच्या १ तारखेच्या झालेल्या आहेत. तिथे मंथ फंक्शन, तिरकी रेघ आणि टेक्स्ट फंक्शनने काढलेले वर्षाचे शेवटचे दोन अंक असे जोडावे. वर्ष १९४० धरले गेले की २०४० याची चिंता नको, कारण शेवटचे दोन अंक तेच राहतात. २/१० सारख्या नोंदी दिवस-महिन्याच्या वाटेने गेल्या आहेत. तिथे डे फंक्शन, तिरकी रेघ आणि मंथ फंक्शन. दोन गट वेगळे करण्यासाठी डे फंक्शनचेच उत्तर पाहावे. आपले सूत दोनपदरी असल्याने दुसऱ्या गटात ते २ येईल आणि पहिल्या गटात १.

संपूर्ण सूत्र एकट्या टेक्स्ट फंक्शनने लिहिण्याचा मोह होतो, पण तो टाळावा, कारण त्यातील तिरक्या रेघेचा अर्थ एक्सेल ‘या संगणकावरील तारखेची खूण’ असा घेते. भारतीय मांडणीत ती खूण बहुधा आडवी रेघ असते आणि २/२० ऐवजी २-२० मिळते. सूत्रांची उत्तरे बरोबर आली की तो रकाना कॉपी करून ‘पेस्ट स्पेशल’मधील ‘व्हॅल्यूज’ने टेक्स्ट केलेल्या नव्या रकान्यात चिकटवावा, आणि जुना रकाना सूतगिरणीच्या बिलांशी ताडून पाहिल्याशिवाय काढू नये.